लघवीच्या पिशवीची गाठ आणि सुई

‘सुई टोचली की कॅन्सर भडकतो’ हे आमच्या नात्यात इतक्यांनी ऐकवलंय, की मी वाद घालणंच सोडलं. स्तनाच्या किंवा थायरॉइडच्या गाठीत सुई रोज घालतात, आणि त्या भीतीपोटी तपासणी टाळणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं. लघवीच्या पिशवीचं मात्र वेगळं आहे.

आमच्या दादांना लघवीतून रक्त जायचं, थांबायचं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून उन्हाळी समजून गोळ्या झाल्या. खरं तर न दुखता लाल लघवी होणं हेच या कॅन्सरचं मुख्य लक्षण, आणि दादांची विडी तर जुनी. सोनोग्राफीत पिशवीच्या वरच्या भिंतीला गाठ दिसली. एका ठिकाणी पोटावरून सुई घालून तुकडा काढला. कॅन्सरच निघाला. काही महिन्यांनी बेंबीखाली, सुई गेली होती तिथेच, कातडीखाली कडक गाठ हाताला लागली.

पुढच्या युरोलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवीच्या अस्तरातल्या कॅन्सरच्या पेशी सुटून दुसरीकडे रुजू शकतात. सुई भिंत भेदून जाते तेव्हा लघवीबरोबर त्या बाहेर झिरपतात, सुईच्या वाटेवर बी सांडावं तशा. दरवेळी असं होतं असं नाही. पण मूत्रमार्गातून आत जायला आयती वाट असताना भिंतीला भोक पाडायचंच कशाला?

त्या वाटेने दुर्बीण घालून गाठ पाहतात, मग भूल देऊन आतूनच खरवडून काढतात. निदान आणि पहिला उपचार एकदमच होतो. त्यातही रक्तस्राव होतो, क्वचित पिशवीला छिद्र पडतं. बिनधोक काहीच नाही. रिपोर्ट हातात आला की तुकड्यात स्नायूचा थर आलाय का, हे जरूर विचारा. तो नसेल तर गाठ किती खोल गेली ते नीट ठरत नाही आणि बऱ्याचदा पुन्हा खरवडावं लागतं. नुसती लघवीची पेशी-तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून निर्धास्त होऊ नका; सौम्य प्रकारच्या गाठी तिच्यातून निसटतात.

पोटावरून सुई घालायची म्हणाले, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘दुर्बिणीतून का नाही?’ एवढं विचारा. आजार यकृतात किंवा दूरच्या लसिकाग्रंथीत पसरल्याची शंका असेल आणि सुई तिथे घालायची असेल, तर ते वेगळं. तिथे अडवू नका. प्रोस्टेटच्या बायोप्सीलाही हे लागू नाही, ती सुईनेच होते.