वेबसाइट बनवणारा गेला, आता चावी कोणाकडे?

मंडळी, संस्थेची जुनी वेबसाइट बनवणारा गाव सोडून गेला, फोनही लागत नाही, तर काय करायचं? डोमेन म्हणजे बोटीचं नाव, होस्टिंग म्हणजे धक्क्यावरची जागा. दोन्हीचा ताबा वेगवेगळा घ्यावा लागतो.

१) 'हूइज'वर साइटचं नाव टाका. डोमेन कोणत्या कंपनीकडे आहे, मुदत कधी संपते ते कळतं.
२) त्या कंपनीकडे संस्थेचा ठराव, नोंदणी दाखला, जुन्या पावत्या देऊन मालकीचा ईमेल बदलून मागा. नोंद बनवणाऱ्याच्याच नावावर असेल, तर आधी त्याची लेखी संमती मिळवायचा प्रयत्न करा.
३) ताबा मिळताच पासवर्ड बदला, बॅकअप घ्या.

मुदत टळली आणि नाव मोकळं झालं, की कोणीही ते घेऊन आपल्या नावाने व्यापाऱ्यांकडून आगाऊ रक्कम मागू शकतो. म्हणून नोंद कायम संस्थेच्याच ईमेलवर ठेवू या.