गणपतीच्या जास्वंदीची छाटणी आताच

भाद्रपदात लाल जास्वंदीला भाव येतो आणि नेमकी तेव्हाच अनेकांच्या कुंपणावर पानंच पानं असतात. फूल कुठेतरी शेंड्याला एखादं. मग लोक खताच्या मागे लागतात. नत्र वाढवलं की पानं आणखी वाढतात, एवढंच. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, आणि फूट वेळेवर हवी तर कात्री वेळेवर चालवायला हवी.

हिशोब चतुर्थीपासून मागे मोजायचा. ती कधी ऑगस्टअखेर येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. गावठी लाल जास्वंदीचा तिसरा हिस्सा छाटला तर बहर धरायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. म्हणून मृगाच्या आगेमागे छाटणी उरका. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर काप घ्या. जाड फांद्यांच्या कापांना बोर्डो पेस्ट लावा. मोठ्या फुलांच्या संकरित कलमांना एवढी कात्री सोसत नाही. त्यांचे नुसते शेंडे खुडा, जोडाखालून येणारे फुटवे मात्र दिसताक्षणी काढा.

छाटणीतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या पिशवीत लावून सावलीत ठेवा. पावसाळी हवेत त्या सहज मुळं धरतात.

झाडाला शेणखत आणि थोडं पालाश पुरे. स्फुरदाचा मारा जास्वंदीला मानवत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोह कमी पडतंय असं समजा आणि फेरस सल्फेट द्या. पाणी बुंध्याशी तुंबू देऊ नका, नाहीतर कळ्या उमलण्याआधीच गळतात.

खरा शत्रू पिठ्या ढेकूण. नवी फूट आखडली, पानं चुरगळली, शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की तो आला. तेवढे शेंडे कापून जाळा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला राखतात. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनीची संध्याकाळची फवारणी चांगली लागू पडते. एक सावधगिरी: क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळीही पांढरी, मेणचट झालरीची असते. ती ढेकणांपेक्षा मोठी असते, चपळ चालते आणि त्यांनाच खाते. तिला मारू नका.

फूल एका दिवसाचंच. विक्रीसाठी उमलायच्या बेतातल्या कळ्या पहाटे काढा, आणि गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी हा माल कोणी घेत नाही.

आणि नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांनी जास्वंदीचं कुंपण बागेलगत करूच नये. तिच्यावरचा गुलाबी पिठ्या ढेकूण द्राक्षाच्या घडांतही तितक्याच आनंदाने शिरतो.