अंगाने उडताना

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं उडतात, ती बघत मी वाढलो. तो खर्च आमच्या घराला झेपणारा नव्हता. आता जळगावात व्हीआर हेडसेट लावून उडतो, तेही जॉयस्टिक न धरता, अंगाने. त्यातून कळलेलं थोडं:

१. सुकाणू धडाकडे द्या. हात पसरून पक्षी व्हायची हौस प्रत्येकाला असते, पण हात लगेच भरून येतात. पुढे वाकलं की खाली, मागे रेललं की वर, बाजूला झुकलं की वळण, एवढं पुरतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ड्रोनवर हेच तपासलं, तेव्हा जॉयस्टिकपेक्षा धडाने उडवणं लोकांना अधिक चांगलं जमलं. जर्मनीचा ऑटो लिलिएंथाल तर १८९०च्या दशकात ग्लायडरला लोंबकळत, पाय झुलवून, अंगाचा भार सरकवूनच तोल सांभाळायचा. १८९६ मध्ये तो ग्लायडरसकट पडून गेला. ती धास्ती आपल्याला नाही.

२. आपल्याला धास्ती मळमळीची. डोळे म्हणतात वळलो, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं जागेवरच आहोत. अंग खरंच झुकलं की कानालाही काही कळतं आणि भांडण थोडं निवळतं. तरी गिरकी सावकाश घ्या, वेग एकसारखा ठेवा. आणि भरीत-पुरीच्या पंगतीवरून उठून लगेच उडायला जाऊ नका, भो!

३. तोंडावर वारा हवाच. झुरिकच्या कलाविद्यापीठात घडलेल्या ‘बर्डली’ यंत्रावर पालथं पडून हातांनी पंख हलवायचे असतात, आणि समोर पंखा असतो. आमच्याकडे मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेला की, पंखा ही चैन उरत नाही. घामाने भिंगं धुरकटतात. कूलरचा दमट झोत मात्र टाळा, साधा टेबल फॅन बरा.

४. ‘सरळ’ म्हणजे काय, ते माणसागणिक ठरवा. आमचे काका मुळातच वाकून बसतात. त्यांचं उड्डाण सारखं जमिनीकडे. त्यांची बैठक हीच सरळ रेषा धरली, तेव्हा काका सातपुड्याएवढ्या डोंगरावरून सुखरूप गेले. बारीकसारीक हालचाल मोजूच नये, अशी सोय असेल तर ती चालू ठेवा.

५. नवख्याने बसूनच उडावं, बिनचाकाच्या खुर्चीवर. वारा छान लागतो म्हणून गच्चीवर तर कधीच नको. खरा कठडा हेडसेटमधून दिसत नाही.