आजारी मूल आणि जाणती सिस्टर



घरातले मूल इस्पितळात ठेवले की शेजारीपाजारी विचारतात, "डॉक्टर काय म्हणाले?" विचारणे बरोबरच आहे. पण डॉक्टर सारा वेळ एका खाटेपाशी बसू शकत नाहीत. ते फेरीला येतात, मुलाला तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग दिवसाचे आणि रात्रीचे उरलेले तास मुलाजवळ कोण असते? आई असते आणि सिस्टर असते. सिस्टरला मराठीत परिचारिका म्हणतात. तिचे काम नुसते सुई टोचण्याचे आणि गोळी देण्याचे आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ते कसे, हे आपल्याच भागातल्या एका उदाहरणावरून पाहू.

महाडचा लाल विंचू

लाल विंचू आपल्या ओळखीचा आहे. पेंढ्यात, सरपणात, दगडांच्या फटीत तो लपून बसतो. मोठ्या माणसाला तो चावला तर पुष्कळदा वेदनांवर भागते. लहान मुलाच्या मात्र जिवावर बेतते.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली मुले त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्या वेळी यावर नेमका इलाज कोणाजवळच नव्हता. डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. कोणती खूण आधी दिसते आणि कोणती मागून येते, ते टिपत गेले. आधी ओकारी होते. दरदरून घाम सुटतो. हातपाय गार पडतात. पुढे धाप लागते, खोकला येतो, फुप्फुसात पाणी भरते आणि हृदय थकते. या आधीच्या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आला.

पुढे प्राझोसिन नावाचे औषध या विषावर गुणकारी आहे, असे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दाखवून दिले. तो लेख १९८६ साली त्याच पत्रात आला. पूर्वी विष अंगात भिनलेल्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत. औषध वेळेवर मिळू लागल्यावर हा आकडा फार खाली आला. २०११ साली या दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर सावरतो. २०२२ साली सरकारने डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री दिली.

औषधाबरोबर पहारा

औषध सापडले, पण नुसत्या औषधाने काम भागत नाही. औषध दिल्यावर मुलावर नजर ठेवावी लागते. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, श्वास आणि रक्ताचा दाब पाहायचा. नंतर दर तासाने पाहायचा. हातपाय गार आहेत की गरम झाले, हे हात लावून बघायचे. पुन्हा औषध द्यायचे की नाही, हे या खुणांवरून ठरते. रात्री दोन वाजता ही नजर कोण ठेवणार? जाणती सिस्टर.

अशा वेळी खाटेपाशी काय बोलणे होते, ते वाचा.

आजी : अगं बाय, पोर कवापासून रडतंय. मी जरा मांडीवर घेते त्याला.

सिस्टर : नको आजी, उचलू नका. निजल्या जागीच राहू द्या.

आजी : आता गं बाय! रडतं पोर मांडीवर घेऊ नको म्हणतेस?

सिस्टर : त्याला कारण आहे आजी. विषाने अंगातल्या रक्ताच्या नळ्या आवळल्या आहेत. आपण दिलेल्या औषधाने त्या सैल होतात. अशा वेळी मूल उभे धरले, तर रक्ताचा दाब एकदम उतरतो. मुलाला घेरी येते, जीवही घाबरा होतो. तुम्ही त्याच्या उशाशी बसा. डोक्यावरून हात फिरवा, त्याच्याशी बोला.

आजी : असं व्हय? मग आधी सांगायचं की. बसते मी हितंच.

सिस्टर : आणि आजी, त्याचे पाय अधूनमधून चाचपा. गरम लागले की मला हाक मारा. ती बरे होण्याची खूण आहे.

पाहा, सिस्टरने आजीला दटावून बाहेर घालवले नाही. तिने कारण सांगितले आणि आजीला पहाऱ्याला बसवले. मुलाच्या जिवाला धोका होता, तो एका शब्दाने टळला.

जास्त शिकलेली सिस्टर

सिस्टरला हे ज्ञान शिकून मिळते. गावात येणाऱ्या एएनएम ताईचे शिक्षण दोन वर्षांचे असते. जीएनएमचे तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंगचे चार वर्षांचे. त्यापुढेही दोन वर्षे शिकून मुलांच्या आजारांत निष्णात होता येते. पुरुषही हे शिक्षण घेतात. त्यांना आपण ब्रदर म्हणतो.

परदेशात याच्याही पुढची एक पायरी आहे. तिला 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणतात. आपण तिला प्रगत परिचारिका म्हणू. तिची सुरुवात मुलांच्याच दवाखान्यात झाली. अमेरिकेत कोलोराडो नावाचे डोंगराळ राज्य आहे. पोलादपूरच्या घाटमाथ्यासारख्या दूरदूरच्या वस्त्या तिथेही आहेत. तिथल्या मुलांना डॉक्टर वेळेवर मिळत नसत. लोरेटा फोर्ड या परिचारिकेने त्या भागात हिंडून काम केले होते. १९६५ साली त्यांनी आणि मुलांचे डॉक्टर हेन्री सिल्व्हर यांनी कोलोराडो विद्यापीठात एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. मूल कसे तपासावे, साधा आजार कसा ओळखावा आणि डॉक्टरकडे केव्हा पाठवावे, हे परिचारिकांना त्यात शिकवले.

पुढे मुलांच्या मोठ्या इस्पितळांतही अशा परिचारिका काम करू लागल्या. कोणी हृदयाच्या आजाराच्या मुलांजवळ, कोणी कर्करोगाच्या मुलांजवळ, तर कोणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांजवळ. त्या मुलाला तपासतात, कोणती चाचणी हवी ते ठरवतात आणि नेमून दिलेल्या मर्यादेत औषधही लिहितात. तज्ज्ञ डॉक्टर बदलले तरी त्या मुलाची सारी हकिगत त्यांना ठाऊक असते. आईबापांना समजेल अशा बोलीत त्या आजार समजावून सांगतात.

आपल्या देशात ही पायरी नवी आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखला आहे. तो बी.एस्सी. नर्सिंगनंतर करायचा असतो. अशी परिचारिका डॉक्टरांच्या जागी बसत नाही. डॉक्टरांबरोबर ठरलेल्या लेखी नियमांप्रमाणे ती काम करते.

पण पदवी कोणतीही असो, चांगली सिस्टर आजही हे काम करते आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, वजनाने कमी बाळांसाठी सरकारी रुग्णालयांत खास कक्ष असतात. तिथे बाळाला ऊब देण्याच्या यंत्रावर ठेवतात. बाळाचा श्वास थांबला तर ते पहिल्याने सिस्टरलाच कळते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यावी, हेही तीच शिकवते. मुंबईत परळला लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. ते १९२९ सालापासून चालू आहे. महाड-पोलादपूरहून तिथे जायचे म्हणजे दीडशे किलोमीटरांहून जास्त प्रवास. इतक्या लांबून गेलेल्या आईला तिथे ओळखीचे कोणी नसते. अशा मोठ्या इस्पितळात मनातली शंका विचारायला सर्वांत जवळचे माणूस म्हणजे सिस्टरच.

आपण काय करावे?

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. त्या विद्येचा इथे उपयोग करा. मूल दवाखान्यात नेताना एका चिठ्ठीवर एवढे लिहा :

मुलाचे वय : ४ वर्षे
काय झाले : विंचू चावला
केव्हा : रात्री ८ वाजता
ओकारी : २ वेळा
घाम : आहे. हातपाय : गार
घरी दिलेले औषध : काही नाही

ही चिठ्ठी सिस्टरच्या हाती द्या. घाईत माणूस वेळ विसरतो, पण कागद विसरत नाही. झाडपाला लावला असेल, मांत्रिकाकडे नेले असेल, तर तेही सांगा. लाजू नका. त्यावरून किती वेळ गेला ते कळते.

श्वास मोजायलाही शिका. मूल शांत असताना घड्याळ धरून पुरा एक मिनिट त्याचे पोट वरखाली होताना मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे असे समजा. लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ हा क्रमांक फिरवा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ सालापासून चालू आहे. तिला पैसे पडत नाहीत.

मूल घरी सोडताना सिस्टर कागद देते. तो तिच्यासमोरच मोठ्याने वाचा. अडेल तो शब्द विचारा. औषध किती वेळा, किती दिवस, पुन्हा केव्हा यायचे आणि काय दिसले तर ताबडतोब यायचे, या चार गोष्टी समजल्याशिवाय उठू नका.

विचारणाऱ्या आईचा सिस्टरला राग येत नाही. उलट तिचे काम हलके होते. मुलाला आईइतके कोणी ओळखत नाही आणि आजाराची खूण सिस्टरइतकी कोणी जवळून पाहत नाही. दोघींचे डोळे एक झाले, म्हणजे डॉक्टरांचे औषध लागू पडते.

ध्यानात ठेवा

१. विंचू चावलेल्या मुलाला ओकारी, घाम आणि गार हातपाय ही धोक्याची खूण आहे. वेदना कमी असली तरी थांबू नका.
२. प्राझोसिन दिलेल्या मुलाला उचलू नका. निजवून ठेवा.
३. सिस्टरला खरे सांगा आणि न समजलेले विचारा.

प्रश्न

१. सिस्टरने आजीला मूल का उचलू दिले नाही?
२. १९६५ साली कोलोराडोमध्ये परिचारिकांना काय शिकवले गेले?
३. घरातल्या एका मुलाचे श्वास मिनिटभर मोजा आणि आकडा वहीत लिहा.
४. वर दिली आहे तशी एक चिठ्ठी आपल्या हाताने लिहून वर्गात दाखवा.