वारेचा संदेश मातेच्या रक्तात

गरोदरपणात पायांवर थोडीफार सूज यायचीच, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे आणि पुष्कळदा ती खरीही असते. परंतु त्याच सुजेबरोबर रक्तदाब वाढत असेल व लघवीतून प्रथिने जात असतील, तर ती एका गंभीर विकाराची सूचना असते. या विकारास वैद्यकशास्त्रात 'प्रीएक्लॅम्पसिया' असे म्हणतात. जगात दर १०० गर्भवतींपैकी सुमारे २ ते ८ जणींना तो होतो. वेळीच उपचार न झाल्यास आकडीचे झटके येऊन माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतते.

विकाराचे मूळ

गर्भधारणेच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्याबरोबर लघवीत प्रथिने आढळणे अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या अवयवांवर परिणाम दिसणे, ही या विकाराची ओळख होय. रक्तदाब हे त्याचे बाह्य लक्षण आहे. मूळ मात्र वारेत असते. सर्वसाधारण गर्भारपणात गर्भाशयातील बारीक रोहिण्या रुंद होतात आणि वारेला भरपूर रक्त मिळते. काही स्त्रियांमध्ये त्या पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलेली वार मग काही पदार्थ मातेच्या रक्तात अधिक प्रमाणात सोडू लागते.

या पदार्थांचा आघात होतो तो रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचे असते; परंतु रक्तवाहिनी सैल ठेवणे, रक्त गोठू न देणे आणि पाणी व प्रथिने बाहेर झिरपू न देणे ही कामे तेच करते. अस्तर बिघडले की वाहिन्या आकसतात व रक्तदाब चढतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने निसटतात. अंगावर सूज येते. एकाच बिघाडाची ही अनेक रूपे आहेत, हा विचार १९८९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ठामपणे मांडला.

रक्तातील दोन खुणा

पुढचा टप्पा २००३ मध्ये गाठला गेला. बोस्टन येथील भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी 'एसएफएलटी-१' या प्रथिनाकडे लक्ष वेधले. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे पोषण करणारी काही प्रथिने शरीरात असतात. 'पीएलजीएफ' हे त्यांपैकी एक होय. एसएफएलटी-१ त्यांना रक्तातच पकडून निष्प्रभ करते. गाभण उंदरांच्या शरीरात याचे प्रमाण वाढविले असता त्यांचा रक्तदाब वाढला व लघवीत प्रथिने आली. २००४ मध्ये असे आढळले की, लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे पाच आठवडे हे घातक प्रथिन वाढू लागते, तर पीएलजीएफ त्याही आधीपासून कमी असते.

यातून या दोहोंच्या गुणोत्तराची रक्तचाचणी पुढे आली. विकाराचा संशय असलेल्या स्त्रियांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात हे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील आठवडाभरात विकार उद्भवणार नाही, असे ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता आले. गुणोत्तर ३८ च्या वर असलेल्यांपैकी मात्र सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच चार आठवड्यांत विकार झाला. म्हणजेच ही चाचणी धीर देण्यास अधिक उपयोगी आहे. धोक्याचा अंतिम निवाडा ती करीत नाही. अमेरिकेत अशा चाचणीस २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

गावपातळीवरील कर्तव्य

अशा चाचणीसाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते. रक्तदाबमापक व लघवीची तपासणी यांना मात्र तिची गरज नाही, आणि आजही निदानाचा पाया तोच आहे. गर्भवतीच्या किमान चार तपासण्या व्हाव्यात आणि प्रत्येक वेळी रक्तदाब मोजून नोंदविला जावा, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य तपासणीची सोय करण्यात आली आहे.

पहिलटकरीण, जुळी असलेली माता, पूर्वीच्या खेपेस हा विकार झालेली, तसेच मधुमेह वा मूत्रपिंडाचा आजार असलेली स्त्री यांच्याकडे विशेष लक्ष हवे. धोका अधिक असल्यास डॉक्टर गर्भारपणाच्या पूर्वार्धातच अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू करतात. आहारात कॅल्शियम कमी असेल तेथे त्याच्या गोळ्यांनीही धोका घटतो. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात वेदना किंवा चेहऱ्यावर एकाएकी सूज यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ च्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले आहे.

प्रसूती हाच या विकारावरील खरा उपाय असला, तरी बाळंतपणानंतरही काही आठवडे धोका राहतो. अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात रक्तदाब व हृदयविकार होण्याचा संभवही अधिक असतो. म्हणून त्यांची तपासणी बारशानंतर थांबू नये. ग्रामपंचायतीने रात्री-अपरात्री वाहनाची व्यवस्था ठरवून ठेवावी, शिक्षकांनी पालकसभांतून धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत आणि गावातील प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब वेळेवर मोजला जातो की नाही, याची विचारपूस व्हावी. वारेने दिलेला इशारा वेळेत ओळखला गेला, तर दोन जीव वाचतात.