रेडिओ शिकवणारा आपल्यातलाच हवा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करायची, इंजिन उघडायचं, बोटीला रंग द्यायचा. याच दिवसांत यंदा पुन्हा हॅम रेडिओ परवान्याचे वर्ग घेणार आहोत. त्याआधी शिकवणारे स्वयंसेवक तयार करायचे आहेत. आजचा पाठ त्यांच्यासाठी.

गेल्या पावसाळ्यात बाहेरून एक जाणकार गृहस्थ बोलावले होते. पहिल्या दिवशी खोली भरली, आठवड्यात चार-पाच जण उरले. दोन तास फळ्यावर इंग्रजीत सूत्रं, कोण बसणार? चूक त्यांची नाही, माझी. आपल्या भाषेत समजावणारा माणूस मी सोबत दिलाच नाही.

आधी एक गैरसमज काढूया. हॅम परवाना वेगळा आणि बोटीवरच्या व्हीएचएफ सेटची परवानगी वेगळी. समुद्रातल्या संकटाचं चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. ते हॅमच्या पट्ट्यात येत नाही. हॅमवर मासळीच्या दराची, धंद्याची बोलणीही चालत नाहीत.

मग शिकायचं कशाला? मोबाईल बंद पडला की किनाऱ्यावरून निरोप पोचवणारं कुणीतरी लागतं. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी हॅम सेटवरून अंदमानच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. शिवाय वर्गात शिकलेलं नीट बोलणं, अँटेना आणि बॅटरीचं ज्ञान बोटीच्या सेटलाही उपयोगी पडतं.

रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेला वय १२ पूर्ण लागतं. मोर्स लागत नाही. विषय दोन: रेडिओचं तंत्र आणि नियम. म्हणजे शाळेतली मुलं आणि घरच्या बायकाही बसू शकतात. बोटी बाहेर असताना किनाऱ्यावर त्याच तर असतात.

आता शिकवणाऱ्यांनी काय करायचं?

१. आधी स्वतः परीक्षा पास व्हा. अर्धवट माहितीवर दुसऱ्याला शिकवू नका.

२. समुद्रावरून सुरू करा, सूत्र नंतर. लांबून येणाऱ्या बोटीची आधी काठी दिसते, मग बाकीची बोट. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे त्यांचंही तसंच. दोन्ही अँटेना ४ मीटर उंच असतील तर साधारण ८-९ सागरी मैल. किनाऱ्यावरची २५ मीटरवर नेली तर साधारण १५. हे ऐकलं की तांडेल स्वतःच विचारतो, "मग माझी किती वर लावू?" त्याने विचारलं की धडा पोचला.

३. बॅटरी समोर ठेवून वीज शिकवा. १२ व्होल्टची बॅटरी, सेट बोलताना ५ अँपिअर घेतो. गुणाकार करा: ६० वॅट. हवेत जातात २५, बाकीचे बहुतेक उष्णतेत. बॅटरी उतरली असेल आणि समोरची बोट जवळ असेल तर १ वॅटवर का बोलायचं, हे मग सांगावं लागत नाही.

४. तुम्ही कमी बोला, त्यांना बोलू द्या. लाकडाचा ठोकळा माईक समजून हातात द्या. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. बटण दाबा, थोडं थांबा, बोला, बटण सोडा. घाबरलेला माणूस बटण सोडायचं विसरतो, मग उत्तर देणाऱ्याचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. ही सवय हाताला लागली पाहिजे, नुसत्या वहीत लिहून भागत नाही.

५. संकटाचा निरोप याच क्रमाने घोकून घ्या: तीन वेळा मेडे, तीन वेळा बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, कसली मदत हवी, माणसं किती. "नेहमीच्या जागेजवळ आहोत" हे ठिकाण नव्हे. जीपीएसचे आकडे एकेक करून वाचायला लावा. हा सराव ठोकळ्यावरच. खऱ्या सेटवर कधीही नाही.

६. परवाना हातात येईपर्यंत हॅम सेटवरून कुणालाही बोलू देऊ नका. पहिल्याच दिवशी हा नियम सांगा.

७. न समजलेल्याला हसू नका. इंग्रजी शब्दाला अडलेला तांडेल ३० वर्षं समुद्र वाचत आला आहे.

प्रत्येक नव्या शिक्षकाने आधी आपल्यासमोर २० मिनिटांचा एक धडा घ्यायचा. ऐकायला एक खलाशी, एक शाळकरी पोर आणि एक घरची बाई. तिघांना समजलं तर तो शिक्षक तयार. नाही समजलं तर पुन्हा तयारी.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, तेव्हा ज्यांनी किनाऱ्यावर वाट बघत रात्र काढली, त्यांना या सगळ्याचं मोल सांगायला नको.

शिकवायची तयारी असेल त्यांनी सोसायटीच्या कार्यालयात नाव द्यावं. शिक्षण किती ते विचारणार नाही, मी स्वतः बारावीपर्यंतच शिकलोय.

आपला,
सचिव