हाताला कळणारा वेग

बारामतीला सेस्ना १७२ वर उडायला शिकले, तेव्हा मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पॅनेलखालच्या, दोन वैमानिकांच्या मधल्या एका छोट्या चाकाने. ते ट्रिमचं चाक, म्हणजे हातावरचा भार उतरवणारं. त्याने शिकवलेलं थोडं इथे मांडते.

१. ट्रिमने विमान उडवायचं नसतं. आधी पॉवर ठरवायची, योकने, म्हणजे हातातल्या सुकाणूने, नाक क्षितिजाशी हवं तिथे धरायचं, वेग स्थिरावू द्यायचा. मग हातावर जो भार उरेल, तेवढाच चाकाने उतरवायचा. वेग बदलत असताना बसवलेलं ट्रिम पुढच्याच क्षणी शिळं होतं. सुरुवातीला हे थांबणंच फार अवघड वाटतं.

२. घट्ट मुठीला काही कळत नाही. मुठीच्या स्वतःच्या जोरात विमानाचा भार बुडून जातो. दोन बोटं आणि अंगठा पुरे. पकड जराशी सैल करून बघायचं: नाक खाली जाऊ लागलं तर चाक मागे, वर येऊ लागलं तर पुढे. धीट माणूस योक आवळून धरतो असं मला वाटायचं. हलक्या हाताला जास्त धीर लागतो.

३. ट्रिम केलेलं विमान उंची नाही, वेग धरून ठेवतं. याचं मला अजून नवल वाटतं. शेपटीवरच्या एलिव्हेटरच्या कडेची पट्टी चाकाने हलते आणि पंख हवेला कोणत्या कोनात भेटणार ते ठरतं. म्हणून ६५ नॉट्सला ट्रिम करून पॉवर कमी केली, की नाक आपणहून झुकतं, थोडे हेलकावे घेतं आणि विमान साधारण त्याच वेगाने खाली उतरू लागतं.

४. प्रत्येक धक्क्याला उत्तर द्यायचं नसतं. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या माळावरून हवा उसळते आणि हातावरचा भार सतत बदलतो. तो चाकाने पुसत बसलं तर विमान कधीच स्थिरावत नाही. धक्के जाऊ द्यायचे, सरासरी ओळखायची. म्हणून ट्रिम शिकावं ते पहाटेच्या शांत हवेत.

५. भार उतरवण्याआधी तो कुठून आला ते विचारावं. उतरायच्या बेतात असताना पुन्हा वर जायचं ठरलं आणि पूर्ण पॉवर दिली, की मघाशी सोयीचं असलेलं ट्रिम नाक जोराने वर रेटतं. तिथे आधी हाताने दाबून धरायचं, चाक नंतर. कधी भार यंत्रानेच आणलेला असतो: २०१८ आणि २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात झाले. एका सेन्सरच्या चुकीच्या आकड्यांवरून संगणक शेपटीचा स्टॅबिलायझर पुन्हापुन्हा फिरवून नाक खाली नेत होता, आणि वैमानिक हातांनी झुंजत होते. ३४६ माणसं गेली. तेव्हापासून हातावर अनपेक्षित भार आला की मी आधी कारण शोधते. नीट ट्रिम केलेल्या विमानात हात हलका ठेवायचा तो आरामासाठी नाही; पुढचा बदल सगळ्यात आधी त्यालाच कळावा म्हणून.